रस्त्यावरील वन्य मार्जारांचे मृत्यू व त्यांची गणना : परिसर अभ्यास व अंकगणित यांचा जोडपाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी. सुमारे ३ तासिका.)

१. विषयाची आवश्यकता

प्राथमिक शाळांत वन्य प्राण्यांचा पाठ बहुधा चित्रावर सुरू होतो आणि चित्रावरच संपतो. वाघ मांसाहारी आहे, तो जंगलात राहतो, तो आपला राष्ट्रीय प्राणी आहे, एवढे मुलांच्या पदरी पडते. परंतु सिंधुदुर्गातील मुलाला याहून अधिक काही ठाऊक असते. त्याच्या वाडीतील कुत्रे रात्री नाहीसे झालेले असते. काजूच्या बागेतील ओल्या मातीत कोणा जनावराचे पाऊल उमटलेले त्याने पाहिलेले असते. आणि क्वचित पहाटेच्या वेळी रस्त्याच्या कडेला मरून पडलेले रानमांजर किंवा बिबट्या पाहावयास जमलेली गर्दीही त्याने पाहिलेली असते. या अनुभवाचा शाळेतील पाठाशी काही संबंध आहे, असे मात्र त्यास कोणी सांगितलेले नसते. तो संबंध जोडून दाखविणे हे प्रस्तुत पाठाचे प्रयोजन होय.

पाठाचा मुख्य मुद्दा एकच आहे. एखादी जात नष्ट होण्याच्या मार्गावरून परत फिरली की नाही, हे ठरविण्यास जिवंतांची गणना लागते, तशी मेलेल्यांची नोंदही लागते. यांपैकी एक हिशेब ठेवला आणि दुसरा सोडला, तर दोन्ही फसतात.

२. पूर्वतयारी : नावांचा घोटाळा दूर करणे

गणनेचा पहिला नियम असा की, ज्याची गणना करावयाची त्याचे नाव निश्चित असावे. या जिल्ह्यात तेथेच अडचण आहे. ‘काल राती आमच्या वाडीत वाघ इललो’ असे मूल सांगते, तेव्हा त्याच्या मनात बहुधा बिबट्या असतो. कोकणात दोघांसही वाघच म्हणण्याचा प्रघात आहे, आणि खऱ्या वाघास वेगळे दाखवावयाचे झाल्यास पट्टेरी किंवा ढाण्या वाघ म्हणतात. शिक्षकांनी मुलाचे बोलणे खोटे ठरवू नये. ‘अंगावर पट्टे होते की ठिपके?’ एवढाच प्रश्न विचारावा. या एका प्रश्नाने मुलास निरीक्षणाची सवय लागते.

त्यानंतर फळ्यावर पुढील नावे लिहून भेद स्पष्ट करावेत. वाघाच्या अंगावर आडवे काळे पट्टे असतात. बिबट्याच्या अंगावर फुलांच्या आकाराचे ठिपके असतात. रानमांजर घरच्या मांजराहून उंच, पायांनी लांब व रंगाने मातकट असते. वाघाटी हे नाव लहान, ठिपकेदार रानमांजरांना देतात. त्यांतील एक जात जगातील सर्वांत लहान मार्जारांपैकी आहे. हे सर्व मार्जारकुळातील प्राणी होत. जवादी मांजर आणि कांडेचोर यांना मात्र लोक मांजरात गणतात, तरी त्यांचे कुळ वेगळे आहे. रस्त्यावर मेलेला कांडेचोर ‘बिबट्याचे पिल्लू’ म्हणून गावभर सांगितला जातो, तेव्हा हा भेद किती आवश्यक आहे ते कळते.

३. विषयप्रवेश : ऱ्हास आणि पुनरागमन

वाघाची भारतातील संख्या शिकार व जंगलतोड यांमुळे इतकी घटली की, १९७२ च्या गणनेत १,८२७ वाघ सांगण्यात आले. त्याच वर्षी वन्य जीव संरक्षण अधिनियम झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पास आरंभ झाला. तथापि त्या काळची गणना पावलांच्या ठशांवरून होत असे. ठसा मऊ मातीत मोठा दिसतो, कठीण मातीत लहान; एकाच वाघाचे दोन ठसे दोन वाघांचे म्हणून मोजले जाण्याचा संभव असे. या पद्धतीचा दोष राजस्थानातील सरिस्का येथे उघड झाला. तेथील कागदोपत्री वाघ होते, परंतु २००४-०५ च्या सुमारास शोध घेतला तेव्हा जंगलात एकही उरलेला नव्हता. गणना चुकली म्हणून मृत्यू ध्यानात आले नाहीत, आणि मृत्यू ध्यानात आले नाहीत म्हणून गणना चुकतच राहिली.

पुढे आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांवर आधारलेली पद्धत आली. तीनुसार २००६ मध्ये सुमारे १,४११, २०१० मध्ये १,७०६, २०१४ मध्ये २,२२६ आणि २०१८ मध्ये २,९६७ वाघांचा अंदाज निघाला. २०२२ च्या गणनेचा अंदाज ३,६८२ चा आहे. वाघ परत येत आहे, असे म्हणण्यास हा आधार होय.

सह्याद्रीतही हेच चित्र लहान प्रमाणात दिसते. चांदोली व कोयना यांचे जंगल मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. तेथे मे २०१८ मध्ये कॅमेऱ्याने वाघ टिपला, आणि तोच वाघ २०२० मध्ये कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पात टिपला गेला. हे अंतर सरळ रेषेतही २०० किलोमीटरांहून अधिक आहे. दोन्ही छायाचित्रांतील पट्टे जुळले, म्हणून हा प्रवास कळला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाकडील एक वाघीण चांदोलीत आणून सोडण्यात आली. चांदोलीपासून राधानगरी, आंबोली, तिळारी, आणि पुढे गोव्यातील म्हादई व कर्नाटकातील भीमगड असा हा जंगलाचा अरुंद पट्टा आहे. दोडामार्ग तालुक्यातील तिळारीचे सुमारे २९ चौरस किलोमीटर जंगल २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले, ते याच कारणासाठी.

नकाशावर हा पट्टा मुलांकडून हिरव्या खडूने रंगवून घ्यावा. नंतर त्याच नकाशावर करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली आणि तिळारी या घाटरस्त्यांच्या रेषा तांबड्या खडूने काढावयास सांगाव्यात. हिरवा पट्टा तांबड्या रेषांनी किती ठिकाणी कापला गेला ते मुलांनी मोजावे. येथे पाठाचा खरा विषय मुलांसमोर उभा राहतो.

४. विवेचन : गणना कशी होते

वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येकाचे निराळे असतात. बिबट्याचे ठिपकेही तसेच. जंगलातील वाटेच्या दोन्ही बाजूंस कॅमेरे बसवितात. जनावर समोरून गेले की त्याच्या दोन्ही कुशींची छायाचित्रे निघतात. पहिल्या फेरीत ओळखलेली जनावरे पुढील फेरीत पुन्हा किती आढळतात, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. प्रत्यक्ष गणित याहून गुंतागुंतीचे असते. तरी त्याचे मूळ तत्त्व त्रैराशिकात बसते आणि चिंचोक्यांनी दाखविता येते.

कृती पहिली. मडक्यात २०० चिंचोके घ्यावेत. संख्या मुलांस सांगू नये. त्यांतील ४० काढून त्यांवर चुन्याचा ठिपका द्यावा, वाळू द्यावा, आणि ते परत मिसळावेत. आता एका मुलाने न पाहता ३० चिंचोके काढावेत. त्यांत समजा ६ ठिपक्याचे निघाले. ३० मध्ये ६ म्हणजे पाचवा हिस्सा. म्हणून ठिपक्याचे ४० हे सर्व चिंचोक्यांच्या पाचव्या हिश्शाइतके असावेत, आणि एकूण चिंचोके २०० असावेत. प्रत्येक वेळी ६ च निघतील असे नाही. कधी ५, कधी ८ निघतील. म्हणून पाच मुलांकडून पाच वेळा करवून सरासरी काढावी. ‘अंदाज’ म्हणजे थाप नव्हे, हे मुलांस येथे समजते. ठिपका पुसला गेला तर हिशेब चुकेल, हेही त्यांच्या ध्यानात आणून द्यावे. वाघाचा पट्टा पुसला जात नाही, हीच त्याची सोय.

कृती दुसरी. या वेळी शिक्षकांनी मुलांच्या नकळत मडक्यातून ४ ठिपक्याचे आणि १६ बिनठिपक्याचे असे २० चिंचोके काढून बाजूस ठेवावेत. मडक्यात आता १८० उरले, त्यांत ठिपक्याचे ३६. पुन्हा ३० काढले, तर पुन्हा सुमारे ६ च ठिपक्याचे निघतील, कारण ३६ हाही १८० चा पाचवा हिस्साच आहे. मुले पूर्वीचेच उत्तर देतील : २००. तेव्हा शिक्षकांनी बाजूचे २० चिंचोके त्यांच्यापुढे ठेवावेत.

वर्गात बहुधा क्षणभर शांतता होईल. मुलांनी गणितात काहीच चूक केलेली नसते, तरी त्यांनी नसलेले २० चिंचोके मोजलेले असतात. जंगलात असेच होते. दोन फेऱ्यांच्या मध्ये रस्त्यावर मेलेल्या जनावराची कोणी वर्दी दिली नाही, तर ते कागदावर जिवंतच राहते. म्हणूनच प्रत्यक्ष गणना थोड्या दिवसांत उरकतात, आणि म्हणूनच मृत्यूची नोंद हा गणनेचाच भाग आहे.

५. विवेचन : रस्त्यावर मृत्यू का होतो

जात वाढू लागली की तिच्यातील तरुण जनावरांस आईचे क्षेत्र सोडून नवी जागा शोधावी लागते. त्या शोधात त्यांना अनोळखी मुलूख आणि अनोळखी रस्ते ओलांडावे लागतात. यामुळे असा विचित्र प्रसंग येतो की, संरक्षणाचे जे फळ, तेच रस्त्यावर बळी पडते. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीची धडक बसून एक तरुण वाघ दगावला. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावनजीक बोर अभयारण्याकडील बाजीराव या नावाने ओळखला जाणारा वाघ वाहनाखाली सापडला. परदेशांतही असेच आढळते. स्पेन व पोर्तुगाल या देशांत आढळणारा आयबेरियन लिंक्स हा रानमांजराहून मोठा मार्जार २००२ च्या सुमारास १०० हूनही कमी उरला होता. प्रयत्नांती २०२३ मध्ये त्याची संख्या २,००० च्या वर गेली आणि २०२४ मध्ये त्याचा धोक्याचा वर्ग एका पायरीने सौम्य करण्यात आला. तरी आजही रस्त्यावरील धडक हे त्याच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे.

संख्या थोडी असताना एक मृत्यू किती जड पडतो, हे शेकडेवारीने दाखवावे. १०० मधील १ गेला तर शेकडा १; ४ मधील १ गेला तर शेकडा २५. सह्याद्रीतील एक वाघीण आणि मध्य भारतातील एक वाघीण यांत हाच फरक आहे.

वेगाचे गणितही येथेच घ्यावे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. समोर जनावर दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरल्यास, वाहन तेवढ्यात ३३ मीटर पुढे गेलेले असते, आणि ब्रेक लागणे अजून सुरू व्हावयाचे असते. ताशी ४० किलोमीटर वेगात हेच अंतर सुमारे १७ मीटर भरते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबावयास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. दिव्यांच्या झोताने डोळे दिपून जनावर जागीच थबकते, ही गोष्ट जमेस धरली म्हणजे अपघाताचे कारण स्पष्ट होते.

किनाऱ्यावरील शाळांत ‘हे घाटावरचे प्रकरण, मालवणास त्याचे काय?’ असा प्रश्न निघण्याचा संभव आहे. त्याचे उत्तर मुलांच्या घरीच आहे. मालवणच्या बंदरावरून निघालेली मासळीची गाडी रात्रीच घाट चढते. सुटीतील प्रवासी रात्रभर मोटार हाकून पहाटे किनाऱ्यावर पोहोचतात. महामार्ग क्रमांक ६६ चौपदरी झाला, तेथे वाहनांचा वेग वाढला आणि चिऱ्याच्या उंच कापणीमुळे काही ठिकाणी जनावरास बाहेर निघण्यास वाट उरली नाही. किनाऱ्याकडील मार्जार म्हणजे बिबट्या, रानमांजर व वाघाटी. बिबट्या गावातील भटक्या कुत्र्यांसाठी येतो, आणि कुत्रे रस्त्याकडेच्या कोंबड्यांच्या व मासळीच्या घाणीसाठी येतात. घाण टाकणाऱ्यास ठाऊक नसते की, त्याने बिबट्यास रस्त्यावर बोलाविले आहे.

उपायही आहेत. पेंच व्याघ्र प्रकल्पाजवळून जाणाऱ्या महामार्ग क्रमांक ४४ वर वन्य प्राण्यांसाठी पुलाखालून नऊ वाटा ठेवण्यात आल्या. त्यांतील सर्वांत रुंद वाट सुमारे ७५० मीटर आहे. तेथील कॅमेऱ्यांत वाघासह अनेक जातींची जनावरे पुलाखालून जाताना टिपली गेली. एवढे मोठे काम गावाच्या हाती नाही हे खरे. परंतु गावच्या रस्त्याखाली वहाळाची मोरी असते, आणि लहान जनावरे तिचा वाटेसारखा उपयोग करतात. ती प्लॅस्टिकने व झाडोऱ्याने तुंबू न देणे ग्रामपंचायतीस शक्य आहे, आणि तशी विनंती करणे शाळेस शक्य आहे.

६. दोन्ही हिशेब एकत्र वाचणे

पाठातील हा भाग सर्वांत नाजूक असल्याने सावकाश घ्यावा. ‘गेल्या वर्षी रस्त्यावर ३ रानमांजरे मेली, यंदा १ मेले, तर यंदा सुधारणा झाली काय?’ असा प्रश्न वर्गास विचारावा. बहुतेक मुले होय म्हणतील. मग त्यांना कारणे शोधावयास लावावे. वाहने हळू चालू लागली असतील, तर सुधारणा झाली. परंतु रानमांजरेच उरली नसतील, तरीही आकडा कमीच येईल. मेलेले जनावर कोल्ह्याने ओढून नेले असेल, किंवा जखमी होऊन ते झुडपात जाऊन मेले असेल, किंवा कोणी लिहूनच ठेवले नसेल. उलट, मृत्यूंची संख्या वाढली याचा अर्थ वाहने वाढली असा होईल, किंवा जनावरे वाढली असाही होईल. एकट्या आकड्यास बोलता येत नाही. जिवंतांच्या संख्येशेजारी ठेवल्यावरच त्याचा अर्थ लागतो.

आपल्या किनाऱ्याबाबत याचे महत्त्व अधिक आहे. २०२२ च्या पाहणीत देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज निघाला. परंतु ती पाहणी मुख्यतः वनक्षेत्रापुरती होती. काजू-आंब्याच्या बागा, कातळसडे आणि गावच्या राया यांत वावरणारा बिबट्या अशा गणनेत सहसा येत नाही. जेथे कॅमेरा नाही, तेथे गावाने ठेवलेली नोंद हाच पुष्कळदा एकमेव पुरावा ठरतो.

७. उपयोजन : शाळेची नोंदवही

शंभर पानी साधी वही घेऊन तिच्यात पुढील रकाने आखावेत : दिनांक व वेळ, रस्त्याचे नाव व जवळच्या किलोमीटर दगडाचा क्रमांक, प्राण्याचे नाव, नावाची खात्री आहे की संशय, पट्टे, ठिपके अथवा अन्य खूण, जवळ वहाळ, मोरी, बाग किंवा घाण आहे काय, वन विभागास कळविल्याची वेळ, सांगणाऱ्याचे गाव. पुढील नियम पाळावेत.

पहिला : वही शिक्षकांनी लिहावी. मुलांनी येता-जाता पाहिलेले सांगावे. पाहण्यासाठी म्हणून रस्त्यावर जाऊ नये. महामार्गावर मुलांस कधीही नेऊ नये.

दुसरा : मेलेल्या जनावरास हात लावू नये. रोगाची भीती असते, आणि जखमी जनावर मेलेले भासण्याचा संभव असतो. बिबट्या जखमी असेल तर गर्दी हटविणे हेच पहिले काम.

तिसरा : वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनपालास तत्काळ कळवावे. बिबट्या, वाघाटी यांसारख्या संरक्षित प्राण्याचे नख, दात अथवा कातडे बाळगणे गुन्हा आहे, हे गावात समजावून सांगावे. वाघनख गळ्यात बांधण्याच्या जुन्या समजुतीचा उपहास न करता कायदा सांगावा.

चौथा : शिक्षकास मोबाईलवर छायाचित्र घेता आले तर सुरक्षित अंतरावरून घ्यावे. नावाबद्दल शंका असल्यास ‘संशय’ असेच लिहावे. अंदाजाने ‘वाघ’ लिहिण्यापेक्षा ‘ओळख पटली नाही’ हे लिहिणे अधिक शास्त्रीय होय.

पाचवा : ज्या महिन्यात काहीच आढळले नाही, त्या महिन्यापुढे ‘शून्य’ लिहावे. कोरी जागा आणि शून्य यांत फरक आहे. शून्य म्हणजे पाहिले व आढळले नाही. कोरे म्हणजे पाहिलेच नाही.

वर्षअखेरीस वहीतील नोंदींचा तक्ता करून तो वनपरिक्षेत्र अधिकारी व ग्रामपंचायत यांना द्यावा. एकाच मोरीजवळ किंवा वळणावर दोन-तीन नोंदी आढळल्यास वेग कमी करण्याचा फलक तेथे लावावा, अशी विनंती करता येते. अशा विनंतीस दिनांक व किलोमीटर दगड यांचा आधार असला म्हणजे ती टाळणे कठीण जाते.

८. सरावाचे प्रश्न

(१) मडक्यातील ५० चिंचोक्यांस ठिपका दिला. पुन्हा ४० काढले, त्यांत १० ठिपक्याचे निघाले. एकूण चिंचोके किती असावेत?

(२) ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन दीड सेकंदात किती मीटर जाईल?

(३) वहीत सहा महिने काहीच लिहिलेले नाही. यावरून ‘एकही जनावर मेले नाही’ असे म्हणता येईल काय? कारण द्या.

(४) जवादी मांजर व रानमांजर यांतील कोणते मार्जारकुळातील?

(५) तुमच्या गावच्या कोणत्या मोरीतून पाणी जाते? ती मोकळी आहे काय?

(उत्तरे : १ ले, २००, २ रे, २५ मीटर, ४ थे, रानमांजर.)

पाठ संपल्यावर २० चिंचोक्यांची ती पुडी वर्गाच्या कपाटात ठेवून द्यावी. पुढे वहीत नोंद करावयाचा कंटाळा येऊ लागेल तेव्हा ती काढून मुलांस दाखविता येईल.